गोफणीचा हात

आमच्या परभणीच्या घरामागं थोडं अंगण आहे. तिथं सिमेंटचे गट्टू बसवायचं पोरानं ठरवलं. पावसाळ्यात चिखल नको, गाडी आत लावता येईल, हे त्याचं म्हणणं. मला लिंबाखालचा कोपरा तेवढा मातीचा हवा होता, कारण होले जमिनीवरचेच दाणे टिपतात. लिंबाला भांडं टांगून बघितलं होतं मी. चिमण्या कशाबशा बसल्या, होल्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"माय, त्या कोपऱ्यात एक पाखरू उतरत न्हाई," पोरगा म्हणाला. "रविवारी मिस्त्री यायलाय. तोवर उतरलं तर कोपरा तुझा."

चार दिवस होते. मी सकाळी ओंजळभर ज्वारी घेऊन बाहेर पडायची. दोन होले भिंतीवर बसलेले असायचे. मी दाणे टाकले की ते भुर्रकन उडायचे. मग मी तिथंच कमरेवर हात ठेवून उभी, परत येतात का बघत. मी ज्वारीला नावं ठेवली, मांजराला ठेवली, शेजारणीच्या मिक्सरलाही सोडलं नाही.

तिसऱ्या दिवशी सून भांडी घासता घासता माझ्याकडं बघत होती.

"मामी, तुमी दाणे टाकायलाव का दगडं मारायलाव?"

मी माझा हात बघितला. तो अजून डोक्यावरच होता.

माझं माहेर राणीसावरगावचं. ज्वारी दाण्यात आली की रानातल्या माळ्यावर उभं राहून पाखरं हाकायला गोफण फिरवायचं काम माझ्याकडं. त्या परकरातल्या पोरीला काय मिजास! "आमच्या रानात पाखराची टाप न्हाई," असं मैत्रिणींना सांगत फिरायची. खरं म्हणजे पाखरं तिच्या देखत पोटभर खायची. सगळ्या हंगामात तिचा एकच खडा नेमका बसला, तो वडलांच्या पटक्यावर. त्यावरही शाळेत सांगितलं की पटक्यावर राघू बसला होता.

ती बया गेली, पण तिचा हात माझ्या खांद्याला राहिला. दाणे टाकतानासुद्धा तो डोक्यावरून फिरायचा आणि तोंडातून "हाऽ हाऽ" निघायचं. शनिवारी मी हात कमरेच्या वर जाऊ दिला नाही. तोंड मात्र विसरलं, "हाऽ" निघालंच.

रविवारी मिस्त्री आला, दोरी बांधायला लागला. मी आशा सोडली. दळण संपलं होतं म्हणून लिंबाखाली बसून ज्वारी पाखडायला घेतली. कचरा आणि कणी सुपाच्या तोंडातून पुढं पडत होती. मान खाली, हात सुपात.

जरा वेळानं बघते तर एक होला माझ्या पायापासून वीतभर अंतरावर कणी टिपतोय. मागून दुसरा आला. साळुंकीही आली. माझा उजवा हात असा शिवशिवत होता की मी तो मांडीखाली दाबून धरला.

पोरगा दारात उभा होता. मी भुवई उडवली. तो हसला नाही, पण मिस्त्रीला म्हणाला, "लिंबाखालचं राहू द्या."

मिस्त्रीनं दोरी मागं घ्यायला हात वर केला आणि होले उडाले.

"अहो, हात खाली!" मी ओरडले.

त्यावर साळुंकीही गेली.