काकीच्या दारचा विस्तव

लोक अजून विचारतात, ते सगळं कसं सुरू झालं हो? सांगून सांगून मी थकले. प्रत्येकीला वाटतं, कुणाला तरी दया आली असेल. दया कसली डोंबलाची! माझ्या घरचा विस्तव विझला होता आणि सासू उठायच्या आत मला चूल पेटवायची होती, एवढंच.

तेव्हा आमच्या गल्लीत काडीपेटी कुणाकडं नव्हती. मोमिनाबादच्या दुकानात मिळायची म्हणे, पण ती देशमुखांसारख्यांनी वापरायची. आम्ही चुलीतला निखारा राखेत पुरून ठेवायचो आणि सकाळी गवरीचा तुकडा लावून, फुंकून जागा करायचो. विझलाच तर खापर घेऊन शेजारी जायचं. विस्तव मागायला आलेल्या बाईला कुणी नाही म्हणत नसे. पण विस्तव विझू देणारी सून म्हणजे सासूच्या तोंडाला आठ दिवसांचं काम, आणि माझ्या सासूचं तोंड रिकामं बसणाऱ्यातलं नव्हतं.

एका शेजाऱ्याकडं बाळंतीण होती, तिथला विस्तव चालत नव्हता. दुसऱ्या शेजाऱ्याशी बांधावरून भांडण. म्हणून मी गल्लीच्या टोकाला काकीकडं गेले.

काकी माझी कुणी नात्यातली नव्हे. सगळी गल्लीच तिला काकी म्हणायची. गाठीच्या तापाच्या, प्लेगच्या साली गाव रानात झोपड्या टाकून राहिलं, तेव्हा काकी पाच माणसं घेऊन रानात गेली आणि एकटी परत आली. नवरा, दोन लेक, एक सून, एक नातू. मग गल्लीतल्या बाया आळीपाळीनं तिच्याकडं भाकरी-कालवण नेऊन द्यायच्या. ती "ठेव तिथं" म्हणायची, आणि ते कुत्र्याच्या पोटात जायचं. अंगावर नुसती कातडी राहिली होती. ही काही पाडवा बघत नाही, असं बाया नदीवर धुणं धुताना बोलायच्या. मीही बोलले असेन. खोटं कशाला सांगू?

मी दारात उभी राहून विचारलं, "काकी, इस्तू हाय का वो?"

तिनं चुलीकडं बघितलं. चुलीत मांजर झोपलं होतं. मांजराकडं बघता बघता तिनं पदर तोंडाला लावला आणि ढसाढसा रडायला लागली. पाच माणसं गेली तेव्हा जिच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं, ती एका निखाऱ्यासाठी रडली. "माझ्या दारी इस्तू मागाय आली आन् रिकामी चालली," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

मी घाबरून पळाले. विस्तव दुसऱ्या गल्लीतून आणला, सासूच्या शिव्या खाल्ल्या, दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी शेणाची पाटी घेऊन बाहेर आले तर काकी आपल्या दारात उभी, आणि तिच्या घराच्या मातीच्या धाब्यातल्या भोकातून धूर निघतोय. मला हाक मारून म्हणाली, "ये. आज हाय. घेऊन जा."

आमच्या चुलीत तेव्हा भरपूर विस्तव होता. पण असं तोंडावर कसं सांगणार? मी पाटी खाली ठेवली, खापर आणलं, निखारा घेतला. ती म्हणाली, "उद्या बी यी." चूल पेटलीच म्हणून तिनं भाकरी थापली, आणि थापलीच म्हणून खाल्ली. आम्ही महिनोन् महिने अन्न नेऊन जे झालं नव्हतं ते मागितल्यानं झालं.

मग मी रोज जायला लागले. सासूला कळलं तेव्हा ती कडाडली, "आठ दिसात जिचं घर बसलं, तिच्या चुलीचा इस्तू माझ्या घरात? जायाचं तर जा, पर उंबऱ्याच्या आत आणायचा न्हाई." म्हणून मी येताना गोठ्यामागच्या डबक्यात तो निखारा टाकायची. चर्रर्र व्हायचं. रोज वाईट वाटायचं आणि रोज टाकायची.

माझ्या जावेनं एकदा मला टाकताना बघितलं. आधी लई हसली. मग दोन दिवसांनी म्हणाली, "गावाबाहेरचा धनगर आजा एकटाच हाय. लेकी दिल्या घरी गेल्या, मेंढरं पुतण्यांनी नेली. त्याच्याकडं जाऊ का मी?" म्हटलं, जा की. तिथून ते वाढत गेलं. कुंभाराची विधवा, डोळ्यांनी अधू झालेली एक सुईण, एक म्हातारा चौकीदार. ज्याच्या घरी चूल नाही त्याच्याकडं विरजण मागायचं, विरजण नसलं तर सुई मागायची, सुई नसली तर आज तिथी कोणती ते विचारायचं. नेम एकच, हातात काही घेऊन जायचं नाही. रिकाम्या हातानं जायचं आणि काहीतरी घेऊन यायचं. घाटनांदूरच्या बाजारात बाया भेटल्या की कुजबुजायच्या, आणि वर्षभरात आजूबाजूच्या तीन-चार गावांतून सकाळी बाया खापरं घेऊन हिंडायला लागल्या.

ऐकायला बरं वाटतं. करणारीला विचारा. पावसाळ्यात गुडघाभर चिखल, कडेवर पोर, पोटात दुसरं. प्रत्येकीला एकेक घर नेमून दिलेलं, पण कुणाचं पोर आजारी, कुणाला माहेरचं बोलावणं, कुणाचा नवरा जाऊ देईना. मग "तू तेवढं जाऊन ये गं." माझ्या वाट्याला कधी कधी तीन-तीन घरं यायची. आणि प्रत्येक घरी बसून तेच गुडघे, तेच जावई, तेच मेलेले बैल ऐकायचे. काही सकाळी मला त्या सगळ्यांचा राग यायचा. काकीचासुद्धा यायचा. तरी जायची, कारण धूर दिसला नाही तर पीठ मळता मळता मी चारदा दारात यायची.

आणि मग मीच माती खाल्ली.

देशमुखीणबाईंकडं मी लाह्या भाजायला गेले होते. त्यांनी कौतुकानं विचारलं, मी कौतुकानं सांगितलं. कोणाकोणाच्या घरी जातो, काय काय खोटं मागतो, सगळं. कुणी आपलं नाव काढतंय म्हटल्यावर जीभ कुठं थांबते? त्यांनी देशमुख मालकांना सांगितलं. तहसीलदारसाहेब दौऱ्यावर यायचे होते, मालकांना काहीतरी दाखवायचंच होतं. दुसऱ्या दिवशी गावात दवंडी. हलगीवाला गल्लोगल्ली ओरडत होता, की गावातल्या बेवारस, निराधार माणसांच्या घरी सोबतीला जाणाऱ्या बायांना मालकांच्या हातून एकेक लुगडं मिळणार. वर ती घरंही नावानिशी मोजत होता. काकीच्या दारासमोर उभा राहून त्यानं हलगी जास्तच जोरात वाजवली.

त्याच संध्याकाळी साहेबांसमोर मला हिरवं लुगडं मिळालं. मला आनंद झाला होता, कबूल करते. आनंद चांगला एक रात्र टिकला.

सकाळी काकीच्या घरातून धूर नाही. मी खापर घेऊन गेले. ती भिंतीकडं तोंड करून बसली होती.

"काकी, इस्तू..."

"तुझ्या घरी हाय की. कावून आलीस?" ती वळली नाही. "मी काय खैरातीत जमा झाले का गं? आन् एक सांग. इतके दिस माझा इस्तू कुठं टाकत व्हतीस?"

मी रिकामं खापर घेऊन परत आले. त्या दिवशी चूल नाही, दुसऱ्या दिवशी नाही. बाकीच्या घरांतूनही तेच. सुईणीनं दाराला आतून कडी घातली, चौकीदारानं माझ्या जावेवर काठी उगारली. तिसऱ्या दिवशी काकीच्या चुलीत परत मांजर होतं. पाणीसुद्धा घेत नव्हती. ही आता जाते आणि माझ्या जिभेनं जाते, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी घरी आले. चूल धडधडून पेटली होती, सासू न्हाणीत होती. मी घागर उचलली आणि चुलीवर उपडी केली. पेटत्या चुलीवर पाणी ओतणं म्हणजे आमच्याकडं काय, हे कुणाही बाईला विचारा. घरात कुणी मेल्यासारखं असतं ते. राखेचं पाणी घरभर झालं. सासू ओल्या अंगानं बाहेर आली, तिनं बघितलं, आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडून एक शब्द फुटला नाही.

मी खापर घेतलं आणि काकीकडं गेले. म्हटलं, "आता खरंच न्हाई. येऊन बघा. हात घालून बघा."

तिला वाटलं हीसुद्धा थापच. पण खोटं पकडायला का होईना, ती उठली. भिंतीला धरत, थांबत थांबत माझ्या घरी आली. वाकून चुलीत हात घातला, हाताला काळा चिखल लागला. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मग जी सुटली!

"अगं भवाने! पेटत्या चुलीवर पाणी वतलंस? लेकराबाळांचं घर हाय, अक्कल गहाण टाकलीस का? सासू हाय का कोण हाय हिची? हिला वळण न्हाई का लावलं कुणी?" तीन दिवसांचा उपास, आवाज फाटलेला, पण तिनं मला अशी झोडपली की बस. मी खाली मान घालून ऐकत होते. मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

दम लागला तशी ती भिंतीला टेकली. "आता?" म्हणाली. "माझी बी विझलेली हाय."

मग आम्ही दोघी दोन खापरं घेऊन गावाबाहेर धनगर आजाकडं गेलो. ती माझ्या खांद्यावर भार टाकून चालली. त्यानं दार लावलेलं. काकीनंच कडी वाजवली. "आजा, इस्तू दे रं. दोघींच्या बी चुली थंड हायती, खोटं न्हाई." आजानं तिच्या चिखलानं माखलेल्या हाताकडं बघितलं, आत गेला आणि बराच वेळ फुंकत बसला. पडवीतून मला त्याचं खोकणं ऐकू येत होतं. बाहेर येऊन त्यानं दोन्ही खापरांवर निखारे ठेवले. ते मी डबक्यात टाकले नाहीत.

लुगडं मी देशमुखीणबाईंना परत केलं. मालकांना राग आला. येऊ दे.

घरी मात्र सासूनं अबोला धरला. आई बोलत नाही म्हणून नवराही बोलेना, दोघांच्या धाकानं जाऊही चोरून बोलायची. भरल्या घरात मी भाकऱ्या थापायची, वाढायची, आणि दिवस दिवस माझ्याशी कुणी "ऊं" करत नसे. इतकी घरं मी हिंडले, पण एकटं माणूस दिवस कसा ढकलतं ते मला तेव्हा कळलं. पंधरा दिवस झाले, महिना झाला. मी बाहेर जाणं सोडलं. अंगात त्राणच नव्हतं.

एका सकाळी दारात सावली आली. काकी होती. हातात खापर.

"इस्तू हाय का गं?" म्हणाली. "माझी विझली."

मी उठून दारात आले. तिच्या मागं, गल्लीच्या टोकाला, तिच्या धाब्यातून चांगला जाड धूर वर चालला होता.

मी चुलीतला सगळ्यात मोठा निखारा काढून तिच्या खापरावर ठेवला. "उद्या बी लागंल बघ मला," ती म्हणाली आणि निघाली. ती गोठ्याच्या वळणाशी पोचायच्या आत मी तोंड फिरवलं. तिनं तो कुठं टाकला ते मला बघायचं नव्हतं.