नववा दोरा

आमच्या इस्पितळात सगळे ज्यांना सुईकाका म्हणत, त्यांनी आयुष्यात कुणाला एक इंजेक्शन दिलं नव्हतं. त्यांच्या सुया वेगळ्या. तळघरातल्या खोलीत, शिशाच्या तिजोरीत, प्लॅटिनमच्या बारीक नळ्या असत आणि त्यांच्या पोटात अगदी कणभर रेडियम सल्फेट. कर्करोग झालेल्या जागी त्या टोचून ठेवायच्या आणि ठरलेले तास भरले की काढायच्या.

त्या सुया लावलेल्या रुग्णांच्या वॉर्डात मी तेवीस वर्षं नर्स होते. नवीन मुलगी कामाला लागली की काका तिला हौसेने शिकवत. "दिसायला हे मिठासारखं पांढरं, पण पाण्यात टाकून वर्षभर ढवळा, विरघळणार नाही. म्हणून तर हे निवडलं. रेडियमचे दुसरे क्षार विरघळतात. सुई तडकली तर ते रक्तातून जाऊन हाडांत ठाण मांडतील. हे आपलं जागचं हलत नाही." मग ठरलेलं वाक्य येई, "याचा जोर निम्मा व्हायला सोळाशे वर्षं लागतात. तोवर मी रजा घेणार नाही." विसाव्यांदा ऐकल्यावर मी तोंडावर सांगितलं, "काका, तुमच्या विनोदाचा जोर मात्र पार संपला." ते माझ्याहून मोठ्याने हसले.

प्रत्येक सुईच्या नेढ्यात रेशमी दोरा ओवून गाठ मारायची, हे त्यांचं काम. सुई टोचली की दोऱ्याचं दुसरं टोक रुग्णाच्या अंगावर पट्टीने चिकटवत, म्हणजे काढताना ओढता येई. नियम असा, की किरण अंगावर येऊ नयेत म्हणून शिशाच्या विटांआड बसून, आरशात बघत, लांब चिमट्याने काम करायचं. चिमट्याने एका गाठीला पाच मिनिटं जात. काका तीच गाठ बोटांनी अर्ध्या मिनिटात मारत आणि वेळ कमी लागतो म्हणजे धोकाही कमी, अशी स्वतःची समजूत घालत. वीस वर्षांत बोटांची टोकं गुळगुळीत झाली, नंतर बधिर. शर्टाची बटणं काकू लावून देई. कप गरम आहे की गार, हेही तिलाच विचारावं लागे. मोठ्या डॉक्टरांना कळलं असतं तर काकांना त्या खोलीतून हलवलं असतं, म्हणून नवराबायकोची अळीमिळी गुपचिळी. मला हे सगळं फार उशिरा कळलं.

मग काकूच्याच जिभेला, डाव्या कडेला, एक चट्टा उठला. तपासणी झाली आणि मोठ्या डॉक्टरांनी नऊ सुया, सात दिवस असं ठरवलं. रोग लवकर सापडला होता. बरी होण्याची पुरेपूर आशा होती.

काकू बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायचीही सवड नसे. "सात दिवस यांच्या कानांना सुट्टी," ती मला म्हणाली. डॉक्टरांनी सुचवलं, की घरचंच माणूस आहे, तर सुया दुसऱ्या कुणाला ओवू द्या. काका हट्टाला पेटले. "तिच्या गाठी मीच मारणार." मीही त्यांचीच री ओढली. याहून जपून कोण मारणार होतं?

सुया घातल्यावर तिला बोलता येईना, म्हणून मी पाटी आणि पेन्सिल दिली. खाटेशेजारी सुई पडलीच तर ठेवायला शिशाचा डबा होता आणि खाटेपासून सहा पावलांवर पिवळी रेघ. काका रोज रेघेमागे दहा मिनिटं उभे राहत, एक पाऊल पुढे टाकत नसत. आल्या आल्या विचारत, "सगळ्या आहेत ना?" एकदा तिने पाटी वर धरली. 'सुया मजेत. बायकोचंही विचारा.' आम्ही तिघंही हसलो, ती तर डोळ्यांनीच.

प्रत्येक पाळीला मोजणी माझ्याकडे होती. तिच्या गालावर नऊ दोरे चिकटवलेले दिसत. मी नऊ मोजी आणि कागदावर नऊ लिही.

सातव्या दिवशी डॉक्टरांनी एकेक दोरा ओढला. आठ सुया आल्या. नववा दोरा नुसताच आला, टोकाला काहीच नाही. काकूने डब्याकडे बोट दाखवलं. सुई त्यात होती.

"कधी पडली?" डॉक्टरांनी विचारलं.

तिने पाटीवर लिहिलं, 'आज सकाळी.'

चार तासांनी काही बिघडत नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि मला मात्र फैलावर घेतलं. काका त्या मोकळ्या दोऱ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही हात खिशात घातले.

आठ महिन्यांनी रोग परत आला. डाव्या कडेला, नेमका त्याच जागी. पसरलाही होता. आता ती पुन्हा बोलत होती, पण शब्द जड यायचे. मी ड्रेसिंग बदलत होते आणि काका उशाशी बसले होते, तेव्हा ती म्हणाली, "ती सुई तिसऱ्या दिवशी पडली होती."

काका म्हणाले, "अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"तुमची गाठ सुटली होती. बोटांचं बिंग फुटलं असतं. तुमचं काम गेलं असतं." मग ती म्हणाली, "नवातली एकच तर होती. आणि हरवली थोडीच? चमच्याने उचलून डब्यात ठेवली."

मी चार दिवस रिकामा दोरा मोजत होते. हे आजही माझ्या घशाखाली उतरत नाही.

त्याच दुपारी काकांनी डॉक्टरांपुढे हात पसरून बोटं दाखवली आणि तिजोरीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. डॉक्टर भला माणूस. रोग एरवीही उलटला असता, कुणी सांगावं, असं म्हणाले. काकांनी ते ऐकून घेतलं. दोन महिन्यांनी काकू गेली.

त्यानंतर काका एकदाच वॉर्डात आले, मला भेटायला. पिवळ्या रेघेमागेच उभे राहिले. ती खाट तेव्हा रिकामी होती.

"सिस्टर, मी तिला घरी बसून सगळं समजावलं होतं," ते म्हणाले. "विरघळत नाही, सोळाशे वर्षं जोर टिकतो, सुई पडली तर डब्यात, काही झालं तरी हरवता कामा नये. तिने बरोब्बर तसंच केलं." त्यांनी खाटेकडे पाहिलं. "ती सुई माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी आहे, तिचा एकेक तास तुझ्या कामाचा आहे, एवढंच तिला सांगायचं राहिलं."

त्यांच्या शर्टाची वरची बटणं उघडीच होती. मी जवळ गेले आणि लावून दिली.