खोलीचं तापमान, अकोला

इंग्रजी एल, म्हणजे तिकडची एक बीअर, फार थंड पिऊ नये, असं बाटलीवर लिहिलेलं असतं. खोलीपेक्षा थोडी गार असली की पुरे. कुणाच्या खोलीपेक्षा, ते लिहिलेलं नसतं.

माझा मोठा भाऊ अकोल्यात राहतो, मी अमरावतीत. त्याचा मुलगा इंग्लंडला नोकरीला लागला आणि दर दिवाळीला चार-सहा बाटल्या कपड्यांत गुंडाळून आणू लागला. इंग्रजी एल, बेल्जियमच्या मठातली काळसर बीअर, एखादी जर्मन, गव्हाची. पहिल्या वर्षी आम्ही एक बाटली जपून ठेवली आणि मे महिन्यात, अकोल्याच्या खोलीच्या तापमानाला, विधिपूर्वक उघडली. ती छतापर्यंत गेली. उतरताना कॅलेंडरवरच्या गणपतीला न्हाऊ घालून गेली.

"झाला अभिषेक," वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "आता परसाद कोण घेते?"

मग आम्ही फ्रीज करून पाहिला. त्यात जिभेला नुसता गारवा लागायचा. विमानाने आलेलं पाणी प्यायल्यासारखं. शेवटी भावाने कूलरच्या टाकीत हात घालून पाहिला आणि म्हणाला, "हेच थे." कूलर मात्र वहिनीचा होता. होळी झाली की त्याच्या जाळ्यांत बसवायच्या वाळ्याच्या नव्या ताट्या तीच आणायची, रोज सकाळी टाकीत पाइप तीच सोडायची.

"माह्या कूलरात दारू काहून ठेवून राहिले तुमी?"

पण पुढच्या उन्हाळ्यापासून मी गेलो की चपला काढायच्या आत सांगायची, "भाऊजी, तुमची बाई सकायपासून टाकीत न्हाऊन बसली आहे."

उन्हाळ्यातली एखादी दुपार अशी जायची. भाऊ चवीबद्दल फार बोलायचा नाही. आवडली तर 'बरी आहे', नाही तर 'चालते'. एकदा पुतण्याने आम्हाला पुण्यात एका ठिकाणी नेलं. तिथे एका दाढीवाल्या तरुणाने लाकडी फळीवर चार इवलेसे ग्लास मांडले आणि यात बिस्कीट आहे, यात संत्र्याची साल, यात ओली माती, असं गंभीरपणे सांगितलं. भावाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन बीअर कशात आहे?"

संक्रांतीनंतर वहिनी गेली. आजारपण असं झालंच नाही. मला रडू येईल असं मी धरून चाललो होतो, ते आलं नाही. मी पाहुण्यांच्या चहाचं पाहिलं, सतरंज्या उचलल्या, परत आलो. अजूनही काही आलेलं नाही.

मे लागला आणि पुतण्याचा फोन आला. "काका, बाबा कूलर लावत नाहीत. उन्हाने चक्कर येऊन पडले, सलाइन लावावी लागली. पुन्हा झालं तर निभणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. माझं ऐकत नाहीत."

मी भावाला फोन केला. "मले गरमच होत नाही," तो म्हणाला. तेव्हा बाहेर पंचेचाळीस होतं.

माझ्या वाट्याच्या तीन बाटल्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात होत्या. ओल्या पंच्यात गुंडाळल्या, बडनेऱ्याहून गाडी धरली. पंचा मूर्तिजापूर यायच्या आत वाळला.

भाऊ बनियनवर, पंख्याखाली बसला होता. पंखा गरम हवा या भिंतीवरून त्या भिंतीवर नेत होता. कूलर खिडकीत, टाकी कोरडी. कूलरचा विषय काढायचा नाही असं मी ठरवलं होतं. तो सगळ्यांनी काढून झाला होता.

"काय आणलं?"

"एल. दिवाळीतली."

"फ्रीजात ठेव."

"फ्रीजात चव मरते म्हणते न तू."

"मंग अशीच पिऊ."

मी वर पाहिलं. छतावरचा डाग तसाच होता. त्यानेही पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उठला, न्हाणीतून पाइप ओढत आणला आणि टाकीत सोडला. पाणी भरलं तशा मी बाटल्या आत ठेवल्या.

"नुसत्या पाण्यानं काय होते लेका? कूलर चालल्याबिगर पाणी गार होते का?"

आणि त्याने बटण दाबलं.

ताट्या गेल्या वर्षीच्या होत्या. आधी धूळ आली, मग काड्या, मग कुबट वास. आम्ही दोघं तोंड पुसत उभे राहिलो. "ताट्या बदलल्या नाही," तो म्हणाला. मी हो म्हणालो.

पाणी गार होईपर्यंत आम्ही पेपरची पानं वाटून वाचली. मग एकेक बाटली उघडली. ती वर गेली नाही, एवढं बरं झालं.

"कशी आहे?" मी विचारलं.

"चालते."

मला कशाचीच चव लागली नाही. कडू आहे हे कळत होतं, जसं भिंत पांढरी आहे हे कळतं. तो दाढीवाला असता तर त्याने त्यातही काहीतरी शोधून दिलं असतं. आम्ही ग्लास संपवले. वारा आता जरा गार येत होता आणि भावाच्या कपाळावरचा घाम वाळला होता.

गाडीची वेळ झाली तसा मी निघालो. तो दारापर्यंत आला.

"एक राहिली न टाकीत."

"राहू दे. एवढ्या उन्हात वापस कुठं नेऊ?"

"उद्यापर्यंत तापन थे."

"तापन."

तो आत बटणाकडे पाहत राहिला. "मंग चालूच ठेवा लागन," तो म्हणाला. आणि मी पायरी उतरल्यावर, "ताट्या कुठं भेटतात रे?"

मला माहीत नव्हतं. ते फक्त वहिनीला माहीत होतं.

"इचारतो कोणाले तरी," तो म्हणाला आणि दार लोटलं. पुरतं लावलं नाही. कूलर चालू असला की हवा बाहेर जायला तेवढी फट ठेवावी लागते.