मास्तरांनी गाडी रोखीने घेतली

माझ्या समोरच्या दारात राहणाऱ्या मास्तरांनी एकतीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवली, पण त्यांची स्वतःची गाडी कधी नव्हती. ते शाळेतले मास्तर नव्हेत, ड्रायव्हिंग स्कूलमधले. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाशी बसवलेल्या जादा ब्रेकवर आणि क्लचवर पाय तयार ठेवायचे आणि आवाज न चढवता बोलत राहायचं, हे त्यांचं काम.

एकदा मला दवाखान्यात जायचं होतं, तर म्हणाले, "मागे बसा साहेब, त्याच वाटेने शिकवणी आहे." मी बँकेत नुसता कारकून होतो, तरी ते मला साहेबच म्हणतात. गाडी चालवायला एक दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. स्टीअरिंग त्यांनी असं घट्ट धरलं होतं, की जणू ते कोणी ओढून नेणार आहे.

"आरसा बघा," मास्तर म्हणाले.

बाईंनी आरशात बघितलं आणि कपाळावरची बट मागे सारली.

"तसा नाही हो. लग्नाला निघालो नाही आपण. मागून कोण येतंय ते बघायचं."

बाईंना हसू फुटलं आणि त्याबरोबर त्यांचे खांदेही सैल झाले. पुढच्या चौकात दिवा पिवळा झाला. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून हैराण झाला, पण मास्तरांनी गाडी थांबवायलाच लावली. "त्याला वाजवू दे. पेट्रोल लागत नाही हॉर्नला," म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या शेजारी बसून कोणी पिवळ्या दिव्याला पुढे गेलेलं नाही. ही बढाई ते स्वतः मारत नसत, वहिनी मारत. वहिनी म्हणजे त्यांची बायको. लॉन्ड्रीच्या दुकानात कपडे अल्टर करायच्या मशीनवर त्या बसतात. तोंडाने फटकळ. "गावभर सगळ्यांचे ब्रेक मारत फिरतात, घरात मात्र पंख्याचं बटण बंद करायची आठवण राहत नाही," असं त्या मास्तरांच्या समोरच म्हणत.

मास्तर अठ्ठावन्न वर्षांचे झाले त्या वर्षी मालकाने स्कूल बंद केलं आणि गाड्या विकून टाकल्या. मास्तरांच्या हातात शेवटचा पगार आणि शिकायला थांबलेल्या अकरा जणांची यादी पडली. त्या यादीच्या जोरावर त्यांनी ठरवलं, की आता स्वतःची गाडी घ्यायची, तिला जादा पेडल बसवायचे आणि स्वतःच शिकवण्या घ्यायच्या. बँकेत नवराबायकोची मिळून एक मुदत ठेव होती, तीस वर्षांत चिमटीचिमटीने साठवलेली. ती ठेव गाडीच्या किमतीपेक्षा जेमतेम दोन महिन्यांच्या घरखर्चाएवढीच जास्त होती. ठेव मोडून रोख गाडी घ्यायची, की ठेव तशीच ठेवून हप्त्यांवर घ्यायची, एवढाच प्रश्न होता.

त्याच आठवड्यात एका दुपारी मला वहिनी जिन्यात भेटल्या. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या कठड्याला धरून उभ्या होत्या. एक पाय वरच्या पायरीवर होता, दुसरा काही केल्या उचलत नव्हता. मी पिशवी घ्यायला हात पुढे केला.

"राहू द्या भाऊजी. पिशवीचं ओझं नाहीये, माझंच आहे."

"पाय मुरगळलाय म्हणत होते मास्तर."

"त्यांना तसं सांगितलंय. खुब्याचा सांधा झिजलाय. डॉक्टर म्हणतात, वर्षभरात बदलावा लागेल." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "यातलं एक अक्षर त्यांना कळता कामा नये. कळलं तर गाडीचं राहील आणि माणूस खिडकीत बसून राहील. आधी गाडी होऊ दे."

मी मान हलवली. मला दुसरं काही येत नाही.

दोन दिवसांनी संध्याकाळी मास्तर माझ्याकडे आले, शोरूममधला कर्जाचा अर्ज हातात घेऊन. मागून वहिनीही आल्या, हळूहळू, भिंतीला हात लावत. मास्तर टेबलाशी बसले ते रागावूनच.

"काय झालं माहितीये? तिथली बाई म्हणते, अर्जात वापर 'घरगुती' लिहा, व्याज कमी बसेल. शिकवण्यासाठी लिहिलंत तर तो धंदा झाला, मग दर चढा आणि तीन वर्षांचे धंद्याचे हिशेब दाखवा. आता माझा धंदा पुढच्या महिन्यात सुरू होणार, तीन वर्षांचे हिशेब आणू कुठून?"

"मग लिहायचं ना घरगुती," वहिनी म्हणाल्या. "मी बसते गाडीत आठवड्यातून एकदा. झालं घरगुती."

"ती बाईपण हेच म्हणाली, सगळेच तसं लिहितात काका. मी म्हटलं, बाई, सगळेच पिवळ्या दिव्याला गाडी दामटतात. मी तीस वर्षं त्यांना तेच करू नका म्हणून सांगतोय आणि आता तुमच्या कागदावर मीच दामटू?"

"बघा! सही करायच्या जागीसुद्धा यांना सिग्नल दिसतो."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला. "साहेब, तुम्ही चौतीस वर्षं कर्जाच्या टेबलावर काढलीत. सरळ सांगा. ठेव मोडून रोख द्यावी का?"

इथे मी काय केलं ते लिहिणं भाग आहे, नाहीतर मास्तरांच्या गोष्टीला अर्थ राहणार नाही.

मला उत्तर माहीत होतं. निम्मी रक्कम रोख भरणाऱ्याला आमच्या शाखेत जुने हिशेब मागत नसत. अर्जात वापर खरा लिहायचा, दर थोडा चढा सोसायचा आणि निम्मी ठेव हाताशी राहू द्यायची. दुसरी गोष्ट अशी, की नव्या गाडीवर मिळणारं कर्ज त्यातल्या त्यात स्वस्त असतं आणि अडचणीच्या वेळी घ्यावं लागणारं सगळ्यांत महाग. या घरावर अडचण चालून येते आहे हे त्या टेबलाशी बसलेल्या तिघांपैकी दोघांना ठाऊक होतं.

पण कर्जाच्या टेबलावर पहिल्या दिवशी आम्हाला शिकवलं होतं, की सल्ला द्यायचा नाही. दर सांगायचा, मुदत सांगायची, कागद पुढे करायचा. निर्णय गिऱ्हाइकाचा. उद्या काही बिघडलं तर 'तुम्ही सांगितलंत म्हणून' असं कोणाला म्हणता येऊ नये. चौतीस वर्षं मी हे इमानाने पाळलं. शिवाय स्वभाव असा, की भाजीवाल्याने वजन कमी दिलं तरी मी घरी येऊनच पुटपुटतो.

मी म्हणालो, "दोन्हींत फायदे-तोटे आहेत. शेवटी तुम्हाला काय झेपतं, त्यावर आहे."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. त्या सुटल्यासारख्या दिसल्या. त्यांनी गप्प राहायला सांगितलं होतं म्हणून मी गप्प राहिलो, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. पण त्यांनी गप्प राहायला सांगितलं होतं ते खुब्याबद्दल. निम्म्या रकमेबद्दल नव्हे.

"मग रोखच," मास्तर म्हणाले. "कोणाचं देणं नको आणि खोटं लिहिणं नको."

गाडी आली. पांढरी, छोटी. मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी ती गॅरेजमध्ये नेऊन पेडल बसवून घेतले. त्यासाठी नव्याकोऱ्या गाडीच्या पत्र्याला भोकं पाडावी लागली. ड्रिल सुरू झाल्यावर मास्तर बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले, असं मेकॅनिक मला म्हणाला. पहिले सहा महिने मात्र झकास गेले. अकराच्या यादीत भर पडत गेली. महिन्याच्या शेवटी मास्तर मला हटकून सांगत, "हप्ता नाही, काही नाही. झोप कशी लागते म्हणून सांगू!" मी बरं म्हणत असे.

सातव्या महिन्यात वहिनी जिन्यात बसल्या त्या उठेनात. मी आणि खालच्या मजल्यावरच्या दोघांनी मिळून त्यांना खुर्चीत घालून उतरवलं. दवाखान्यात मास्तरांना सगळं एकदम कळलं: झिजलेला सांधा, डॉक्टरांनी गाडी घेण्याआधीच काय सांगितलं होतं ते आणि ऑपरेशनचा खर्च. खर्च जवळजवळ गाडीच्या निम्म्या किमतीएवढा होता.

"मला का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं असतं तर घेतली असती गाडी?"

"नसती घेतली."

"मग? खाल्लं काय असतं आपण सहा महिने?"

मास्तर पलंगाच्या कडेला बसून वहिनींचा पाय दाबत राहिले, दुखऱ्या बाजूचा नव्हे, दुसरा.

त्यांनी आधी गाडी विकून बघितली. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने दार उघडलं, खाली वाकून पेडल बघितले आणि दार लावून टाकलं. "काका, महिने सातच झालेत, पण हिच्यावर शंभर जणांनी हात साफ केलाय. क्लच बघा, गिअर बघा. त्यात पत्र्याला भोकं." त्याने अर्धी किंमत सांगितली. तेवढ्यात ऑपरेशन निघालं असतं, पण मग शिकवायचं कशावर? शेवटी मास्तरांनी गाडी गहाण टाकून कर्ज काढलं, एका खासगी फायनान्सवाल्याकडून. माझ्या जुन्या शाखेत शिकवण्यासाठी वापरलेली गाडी म्हणून ती तारण धरेनात. दर शोरूमच्या चढ्या दराच्या जवळजवळ दुप्पट आणि मुदत चार वर्षांची. कागद त्यांनी माझ्याकडून वाचून घेतले. या वेळी कारण लिहायला अडचण आली नाही.

ऑपरेशन नीट झालं. वहिनी आता जिना चढतात, उतरतात आणि पूर्वीसारख्याच बोलतात. मास्तर मात्र सकाळी सहाला जातात ते अंधार पडेपर्यंत घरी नसतात. दिवसाला चौदा शिकवण्या. एका पाठोपाठ एक अनोळखी माणूस शेजारी येऊन बसतो आणि प्रत्येकाच्या वेळी दोन्ही पाय तयार ठेवायचे.

मागच्या महिन्यात दुपारी एकच्या सुमारास मला त्यांची गाडी पोस्टाच्या मागच्या गल्लीत उभी दिसली. मास्तर आपल्या नेहमीच्या डाव्या सीटवर होते, मांडीवर डबा उघडा, पोळीचा तुकडा हातात आणि डोळे मिटलेले. मी काचेवर टकटक केली तर दचकून त्यांनी ब्रेक दाबला. उभ्या गाडीचा.

"बसा साहेब," म्हणाले. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. मला गाडी येत नाही.

बराच वेळ ते जेवत राहिले. मग डबा लावता लावता म्हणाले, "एक विचारू? परवा एक पोरगी शिकायला आली, तुमच्याच जुन्या शाखेत लागलीये. ती सहज बोलून गेली, की निम्मे रोख भरले तर हिशेब मागत नाहीत. तेव्हाही असंच होतं?"

"हो."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि हिच्या पायाचं?"

मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी डब्याची कडी लावली, पुन्हा उघडली, पुन्हा लावली.

"मी विचारलं होतं हो तुम्हाला," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, न चढलेला. "सरळ सांगा म्हटलं होतं."

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात दोनची शिकवणी आली, हातात छत्री घेतलेले एक गृहस्थ. मला सीट सोडावी लागली. मास्तरांनी काच खाली केली. "किती हप्ते राहिले ते विचारणार असाल तर एक्केचाळीस," म्हणाले आणि गृहस्थांना आरसा लावून घ्यायला सांगू लागले.

त्यानंतर ते माझ्याकडे आले नाहीत. जिन्यात भेटले तर मान हलवतात, साहेब म्हणत नाहीत. पण गेल्या रविवारी दारावर एक बेकरीवाला आला. मास्तरांकडे शिकलो म्हणाला. लायसन्स हातात आलंय, गाडी घ्यायची आहे, पैसे साठलेले आहेत. "मास्तर म्हणाले, समोरच्या काकांना विचार. म्हणाले, दोनदा विचार, पहिल्यांदा ते सांगणार नाहीत."

मी त्याला आत घेतलं. त्याने खिशातून आकडे लिहिलेला कागद काढून टेबलावर पसरला. मी कागदाकडे न बघता विचारलं, "घरी कोण कोण आहे तुमच्या? कोणाचं काही दुखणं-खुपणं?"

"मी गाडीचं विचारायला आलोय, काका."

"हो," मी म्हणालो. "मीही गाडीचंच विचारतोय."