चिमाबाईंचं वाढतं वजन

सिल्वासाजवळच्या मसाटच्या प्लॅस्टिक कारखान्यात गोकुळ मेंटेनन्सला होता. बंद पडलेलं यंत्र दिसलं की त्याचे हात शिवशिवत. आई चिमाबाई मात्र शिरपूरकडच्या गावी एकटीच. तिच्या पोटाचं दुखणं तपासून तालुक्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "वजनावर लक्ष ठेवा. उतरायला लागलं की लगेच आणा." आणि आईचं फोनवर एकच पालुपद, "मी बरी शे रे भाऊ!" विंचू चावला तरी ही बाई बरीच असायची.

म्हणून गोकुळने काटा बनवला. भंगारातल्या मोडक्या वजनकाट्याचे सेन्सर काढले, वर जाड फळी ठोकली, ऑनलाइन मागवलेला वायफायचा चिमुकला बोर्ड जोडला. कारखान्यातली प्लॅस्टिकच्या दाण्यांची सीलबंद गोणी चढवून तिच्यावरच्या छापील वजनाशी आकडा जुळवला. दिवाळीत तो गावी नेला, ओट्यावर मांडला, शेजारच्या संजूच्या वायफायला जोडला आणि आईला हाताला धरून वर चढवलं. चौतीस किलो. खाली उतरताच आई फळीच्या पाया पडली. गोकुळ हसला. "रोज सकाळी फक्त उभं राहायचं, माय." तिने मान डोलावली.

तेव्हापासून सिल्वासात रोज सकाळी काट्यावरचा आकडा घेऊन त्याचा मोबाइल टुणकन वाजे. पस्तीस. सदतीस. रत्नागिरीचा स्वप्नील मशीनवरून ओरडे, "काय गोकुळभाई, आज मार्केट काय म्हणतंय?"

"वरच!"

चाळीस झाले त्या दिवशी गोकुळने पेढे वाटले. होळीला सुपरवायझरने ओव्हरटाइमचं विचारलं, तेव्हा टाकलेली रजाही त्याने मागे घेतली. आई सुधारतेय, मग घाई कशाला?

आणि एका सकाळी संजूचा फोन आला. "दादा, मावशी उठतच नाही. ये."

पोचला तेव्हा आई खाटेवर होती. उचलून बसवायला गेला, तर हातात नुसतं लुगडं आल्यासारखं वाटलं. खिशात मोबाइल वाजला. बेचाळीस. त्याने वळून ओट्याकडे पाहिलं. काट्याला हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूची फुलं वाहिलेली, आणि फळीवर चारी पाय रोवून आईने पाळलेला बोकड ती फुलं खात होता.

"माय, तू उभी नाही राहिलीस?"

"तू बनाडेल वस्तूले पाय कसा लावू रे, भाऊ? मी रोज पूजा करू."

त्याच दिवशी गाडी करून त्याने तिला सिल्वासाच्या दवाखान्यात आणलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी चष्मा काढला. "फार उशीर झालाय. होळीच्या आधी आणलं असतं, तर ऑपरेशन करता आलं असतं. इतकं वजन उतरलं, कुणी पाहिलं कसं नाही?"

खाटेवरून चिमाबाईंनीच मुलाची बाजू घेतली.

"त्याले बोलू नका, साहेब. तो रोज देखे."