पोटरीवरचा चट्टा

पुस्तकात वाचलेला रोग आपल्याच अंगात शिरलाय, असं वाटून तुमची कधी गाळण उडालीय? नसेल, तर गिरजेला हसू नका.

डोळखांबकडची ही पोर. आई लहानपणीच गेली, धोंडीबाई मावशीनं वाढवली. भाताची लावणी करत करत शाळा शिकली आणि अडतीस साली कल्याणकडच्या एका इस्पितळात नर्स व्हायला गेली. पाड्यातली पहिलीच! क्षयाचा धडा झाला की तिथल्या साऱ्याजणी खोकायच्या, हृदयाचा झाला की नाड्या मोजायच्या. "आज मरायची पाळी कुणाची गो?" म्हणून खिदळायच्या. गिरजाही खिदळायची.

मग महारोगाचा धडा आला. फिकट चट्टा, टाचणी टोचली तरी कळत नाही. दुसऱ्या दिवशी न्हाताना तिला डाव्या पोटरीमागं तसाच चट्टा दिसला. तिनं टाचणी टोचली. काही नाही. जोरात टोचली. रक्ताचा थेंब आला, दुखलं नाही.

डॉक्टरांना विचारायचं होतं, म्हणाल. महारोग्याला गावाबाहेर हाकलणारे आपणच. तिनं तोंड उघडावं कुणाच्या भरवशावर? शिकणं सोडत असल्याची चिठ्ठी लिहून तिनं चोळीत खोचली. दिवाळीला घरच्यांना एकदा बघायचं, चिठ्ठी धाडायची आणि कुणाला न सांगता निघून जायचं.

घरी ती ओटीवरच बसली. मावसभाऊ चंदर तान्ही लेक पुढं करत म्हणाला, "घे की!" तिनं हात मागं घेतले. जेवायला ताट नको, पानावर वाढ म्हणाली.

धोंडीबाई कडाडली, "मडमीन झालीस काय गो? आमची ताटं बाटली?"

"मावशे, मला शिवू नको!" गिरजा मागं सरली. तिनं लुगडं सारून पोटरी दाखवली. "महारोग हाय मला. टोचलं तरी कळत नाय."

मावशीनं वाकून बघितलं आणि चट्ट्यावर हात ठेवला. "अगो, यो तर माज्या इळ्याचा डाग! वरसाची नव्हतीस, आकडी आली तुला. आमी इळा तापवून लावला. त्यानंच वाचलीस."

डागानं आकडी जात नाही, हे गिरजा शिकली होती. जळलेली कातडी बधिर राहते, हेही. त्या क्षणी मात्र ती मावशीच्या कुशीत शिरून हमसून रडली. चिठ्ठी चुलीत गेली.

ती परत गेली, नर्स झाली आणि आज दहा वर्षांनी मुरबाडकडे बाळंतपणं करते. पण भीती मुळापासून गेली असं समजू नका. अजून वर्षातून एकदा ती दार लावून त्या डागाभोवती टाचणी टोचत जाते. दुखलं की श्वास सोडते.

तापल्या विळ्याचा डाग तुमच्याही घरात कुणाच्या तरी अंगावर असेल. तो कुणी दिला, कधी दिला, हे त्या पोराला आजच सांगा. आणि पुढच्या लेकराला आकडी आली, तर विळा चुलीत घालू नका. त्याला उचला आणि दवाखाना गाठा.