आखाडातला जावई

लग्नानंतरचा पहिला आखाड मी माहेरी होते. आमच्याकडं तशी रीतच. त्या महिन्यात नव्या नवरीचं तोंड नवऱ्यानं बघायचं नाही. बघितलं तर गावभर हसं. अन् नेमका त्याच महिन्यात सिंदफणा नदीच्या पलीकडं, माझ्या सासरच्या गावात, देशमुखांच्या कारभाऱ्याचा आंब्याच्या मळ्यात एका रात्री कुणीतरी कुऱ्हाडीनं खून केला.

झालं! गावाला दुसरा धंदाच उरला नाही. पारावर बसलेला जो तो अमीन, निजामाचा फौजदारच जणू. कुणी म्हणे भाऊबंदांनी काटा काढला, कुणी म्हणे बाईचं प्रकरण. पण फिरून फिरून बोट आमच्या मालकांकडंच. कारभाऱ्यानं नुकतेच आमचे बैल कोंडवाड्यात घातले होते, अन् ह्यांनी भर बाजारात "तुझा मुडदा पाडीन" म्हणून आरडाओरडा केला होता. तोंडाला कधी लगाम म्हणून नाही!

त्यात खून उघडकीला आला त्या सकाळी लोकांनी ह्यांना नदीकडून येताना बघितलं. धोतर ओलं, गुडघ्यापर्यंत चिखल. "रातच्याला कुठं व्हतास?" विचारलं तर मान खाली. मग काय, लोकांनी सगळं जुळवूनच टाकलं: कुऱ्हाड डोहात फेकली, रक्त धुतलं अन् घरी आला. अमीनसाहेबांनी ह्यांना चावडीत बसवून ठेवलं. उद्या बीडला नेणार म्हणाले.

सासरचा गडी ही बातमी घेऊन आला, तेव्हा मी जात्यावर होते. दळण तसंच टाकून उठले. ह्यांची रात्र कुठं गेली ते मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी दिवेलागणीला गुपचूप मला भेटायला आले होते, रेवड्या घेऊन. मूर्ख कुठले! परत निघाले तर नदीला हा पूर. रात्रभर आमच्या गोठ्यात कडब्यावर पडून राहिले. सकाळी आई धार काढायला गेली, जावई बघितला अन् कपाळावर हात मारून घेतला. पाणी उतरल्यावर तिनंच घालवून दिलं.

आई म्हणाली, "आगं, हे सांगितलंस तर तोंड दाखवाया जागा राहील का?"

"माणूस फासावर चाललाय अन् तुला तोंडाचं पडलंय!" म्हटलं, अन् तिला ओढतच नेलं.

चावडीपुढं अख्खा गाव जमलेला. सासरे खांबाला टेकून बसलेले. त्यांच्यापुढं मी कधी शब्द काढला नव्हता. पण पदर ओढला अन् सगळं सांगून टाकलं. कारभारी रात्री जेवणवेळेपर्यंत गावात हिंडत होता, हे सगळ्यांनीच बघितलेलं; अन् हे तेव्हापासून सकाळपर्यंत पुराच्या त्या बाजूला, माझ्या माहेरच्या गोठ्यात. आईनंही मान डोलावली.

अमीनसाहेब म्हणाले, "जोरू तो बचाएगीच."

तेव्हा पाटील पुढं झाले. "साहेब, खोटंच बोलायचं असतं तर नवरा आजारी व्हता म्हणली असती, देवाला गेलता म्हणली असती. पर आखाडात नवरा आलता, असं नवी सून सासऱ्यापुढं खोटं बोलंल? जीव गेला तरी न्हाई!"

चावडी खो-खो हसली. अमीनसाहेबांना रीत समजावून सांगावी लागली. समजली तसे तेही मिशीत हसले अन् ह्यांना म्हणाले, "जाव बे, घर जाव." सासरे पागोट्याचा शेव डोळ्याला लावून रडत होते. माझा जीव भांड्यात पडला.

खुनी कोण, ते कधीच कळलं नाही. पारावरच्यांनी दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस धरला.

हे आम्हाला नदीपलीकडं पोचवायला आले. वाटेत म्हणतात कसे, "समद्यांपुढं बोललीस, लाज न्हाई वाटली?"

मला असा संताप आला! "वाटली की. पर तुमी लाजेपायी फासावर गेला असता अन् मी पांढऱ्या कपाळानं अब्रूदार म्हणून जगले असते. ते बरं व्हतं का?"

ह्यांनी भरदिवसा, आईच्या देखत, माझा हात धरला अन् नदी उतरेपर्यंत सोडला नाही.